दुकानाला शटर आहे, पण डोक्याला?



मला येणारे बरेचसे मेसेज रात्री अकरा ते एकच्या दरम्यान येतात. "सर, ती कॉस्टिंगची शीट पाठवा ना." "सर, लोनच्या फाइलला कोटेशन कसं लावायचं?" प्रश्न चांगले असतात. पण मला प्रश्नाच्या आधी वेळ दिसते. हा माणूस सकाळी सहाला उठलेला असणार, दिवसभर गिऱ्हाईक सांभाळलेलं असणार, आणि रात्री साडेबाराला तो मला कॉस्टिंग विचारतोय. मी विचारतो, "अजून झोपला नाहीत?" उत्तर ठरलेलं असतं. "कुठली झोप सर, बिझनेस आहे." आणि पुढे हसणारी स्मायली.

आज मला त्या स्मायलीबद्दल बोलायचं आहे. कारण तिच्यात थोडी तक्रार असते आणि बराचसा अभिमान असतो. अठरा तास राबतो तोच खरा उद्योजक, असं आपल्याला रोज रील्समधून ऐकवलं जातं, आणि आपणही ते पुढे ढकलतो.

माझं मत सरळ सांगतो, पटलं नाही तरी शेवटपर्यंत वाचा. रोजच्या कामाचा ताण कामाच्या ढिगामुळे कमी येतो आणि दिवसाला शेवट नसल्यामुळे जास्त येतो. दुकानाचं शटर आपण रोज पाडतो. डोक्याचं पाडत नाही. आणि रात्रभर उघड्या राहिलेल्या त्या डोक्यातूनच चुका होतात, चिडचिड होते, पैसे जातात. हे मी वाचून शिकलो नाही. पैसे भरून शिकलो.

पाचशे पत्रिकांची गोष्ट

ट्रेनिंग सुरू करण्याआधी कराडला माझं छोटं प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड, उद्घाटनाचे फ्लेक्स. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. त्या वर्षी लग्नसराई जोरात होती आणि मी माझ्या मते एकदम तयारीचा मालक होतो. रात्री कितीही वाजता मेसेज येवो, दोन मिनिटांत रिप्लाय. गिऱ्हाइकं कौतुक करायची, "तुम्ही कधीही अव्हेलेबल असता हो."

एका लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ संध्याकाळी पाठवलं होतं. रात्री पावणेबाराला मुलीच्या काकांचा मेसेज आला. मुहूर्त १२.३५ नाही, १२.५३ आहे, तेवढं बदला. मी अंथरुणावर आडवा झालो होतो. "ओके काका, करतो" असं टाइप केलं आणि डोळा लागला. सकाळी उठलो तेव्हा त्या मेसेजच्या वर आणखी बावीस मेसेज येऊन बसलेले. मी पत्रिका छापायला सोडली. ५०० पत्रिका, मुहूर्त १२.३५.

चूक कळली ती मुलीचे आई-वडील पत्रिका न्यायला आले तेव्हा. मी लगेच म्हटलं, माझी चूक, आज रात्रीत पुन्हा छापून देतो, एक रुपया घेणार नाही. कागद, छपाई, पाकिटं धरून अकरा हजार रुपये माझ्या खिशातून गेले. पण मला ते अकरा हजार इतके आठवत नाहीत. आठवतं ते त्या आईंचं वाक्य. आवाज न चढवता म्हणाल्या, "आज दिवस चांगला होता हो. पहिली पत्रिका आजच देवापुढे ठेवायची होती."

मी आळशी होतो का? अजिबात नाही. मी निष्काळजी होतो का? तसंही नाही. तो मेसेज मी वाचला होता, उत्तर दिलं होतं. फक्त तो लिहून ठेवायची जागा माझ्याकडे नव्हती. माझं डोकं हीच माझी वही होती, आणि रात्री पावणेबाराला ती वही झोपली होती.

"कधीही अव्हेलेबल" असण्याचा मला जो अभिमान होता, तो त्या दिवशी उतरला.

ढीग कसला आहे ते आधी बघा

माझ्या वर्गात मी एक साधा प्रकार करून घेतो. एक कोरा कागद घ्या आणि आत्ता डोक्यात जेवढी कामं आहेत तेवढी सगळी लिहा. धंद्याची, घरची, सगळी. पहिली आठ-दहा पटापट येतात. मग माणूस थांबतो. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतो. अमक्याला फोन करायचाय, वजनकाट्याचं स्टँपिंग राहिलंय, पोराची फी, फ्रीजवाल्याला बोलवायचंय, मागच्या महिन्याचे साडेचार हजार त्या हॉटेलवाल्याकडून यायचेत. पान भरतं.

आता त्या यादीचे तीन भाग करा. पहिला भाग, हातानं करायची कामं. माल भरणं, पॅकिंग, बिल बनवणं. दुसरा भाग, ठरवायची कामं. दर वाढवायचा का, नवीन पोरगा ठेवायचा का. तिसरा भाग, नुसती लक्षात ठेवायची कामं. अमुक तारखेला हे, तमुक माणसाला ते.

बहुतेकांच्या यादीत तिसरा भाग सगळ्यात मोठा निघतो. आणि गंमत बघा, त्या भागातलं काम हाताला लागत नाही. ते करायला पाच मिनिटंही पुरतात. पण ते दिवसभर डोक्यात टकटक करत राहतं. गिऱ्हाइकाशी बोलताना टकटक, जेवताना टकटक, अंथरुणावर तर विचारूच नका. हातानं केलेल्या कामानं अंग दुखतं आणि झोप लागते. लक्षात ठेवलेल्या कामानं अंग दुखत नाही, पण झोप उडते.

म्हणून "कामं कमी करा" हा सल्ला मी देत नाही. छोट्या धंद्यात ते हातात नसतं. मी म्हणतो, तिसरा भाग डोक्यातून बाहेर काढा.

दोनशे पानी वही आणि रात्रीची दहा मिनिटं

यासाठी अ‍ॅप लागत नाही. अ‍ॅप आवडत असेल तर जरूर वापरा, पण माझा अनुभव असा की नवीन अ‍ॅप आठ दिवस चालतं आणि मग त्यातल्या लाल टिंबांचाच ताण येतो. दोनशे पानी वही घ्या, दोरीनं पेन बांधा आणि गल्ल्यापाशी ठेवा. नियम एकच. जे काम डोक्यात आलं ते वहीत गेलं पाहिजे. फोनवर कुणी काही सांगितलं, वहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर बदल आला, वहीत. वहीत नाही ते काम अस्तित्वातच नाही, असं घरच्यांना आणि कामगारांनाही सांगून टाका.

मग शटर पाडायच्या आधी दहा मिनिटं वही उघडायची. झालेल्या कामांवर काट मारायची. राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कधी आणि कोण करणार एवढं लिहायचं. "हॉटेलचे पैसे" असं लिहिलं तर ते डोक्यातच राहतं. "हॉटेलचे पैसे, बुधवारी ११ वाजता फोन, मी" असं लिहिलं की ते वहीचं काम झालं.

ही माझी मनाची कल्पना नाही. इ. जे. मॅसिकाम्पो आणि रॉय बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेलं काम माणसाला दुसरं काही करतानाही मधेमधे आठवत राहतं. पण त्याच कामाचा नेमका बेत आखायला लावला की, काम पूर्ण झालेलं नसतानाही, त्या आठवणींचा त्रास थांबतो. म्हणजे डोक्याला काम संपलेलंच हवं असतं असं नाही. "हे कधी होणार ते ठरलंय" एवढा भरवसा त्याला पुरतो.

शेवटी उद्याची फक्त तीन कामं वेगळ्या पानावर लिहा, जी झाली नाहीत तर धंद्याचं खरोखर नुकसान आहे. तीनच. दहा लिहिलीत तर सात राहणार आणि रात्री ती सात घेऊन तुम्ही घरी जाणार. वही बंद, शटर बंद.

उत्तर द्यायची वेळ तुमची

पुण्याच्या दुपारी १ ते ४ बंद दुकानांवर आपण सगळ्यांनी विनोद केलेत. मीही केलेत. आता मला त्या पाटीमागचा शहाणपणा दिसतो. गिऱ्हाईक नावं ठेवत होतं, आणि चार वाजता येत होतं. कारण मालाबद्दल खात्री होती आणि वेळेबद्दलही खात्री होती. गिऱ्हाइकाला तुम्ही चोवीस तास हवे असता असं नाही. त्याला उत्तर कधी मिळेल हे माहीत असायला हवं असतं.

मी तुम्हाला दुपारी तीन तास बंद ठेवा म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला तरी वेळापत्रक लावा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात हे सगळं आहे. कामाची वेळ टाकता येते. त्या वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप जाणारा निरोप लावता येतो. "पत्ता कुठे", "रेट काय", "डिलिव्हरी कधी" यांसारख्या रोजच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवता येतात. मालाचे फोटो आणि दर कॅटलॉगमध्ये टाकता येतात. हे एकदा बसून लावायला दोन तास लागतात. ते दोन तास आपण काढत नाही आणि तेच उत्तर वर्षभर हातानं टाइप करतो.

माझा निरोप असा होता: "नमस्कार, दुकान सकाळी १० ते रात्री ८ चालू असतं. आपला मेसेज मिळाला, उद्या ११ च्या आत उत्तर देतो. पत्रिकेतले बदल दुकानात येऊन सही करून द्यावेत, म्हणजे चूक होणार नाही." सुरुवातीला भीती वाटली. काही जण खरंच दुसरीकडे गेले, ते मी लपवत नाही. पण जे राहिले ते वेळेत यायला लागले, आणि सहीचा प्रूफ घेतल्यापासून पुन्हा छापायची वेळ आली नाही.

तारीख ठरलेली कामं आठवायची नसतात

छोट्या उद्योजकाचा बराच ताण असा असतो की जो कॅलेंडरवर आधीच छापलेला आहे. जीएसटी दर महिन्याला भरत असाल तर जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०. तिमाही योजनेत असाल तर महाराष्ट्रात तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याची १३ आणि २२. टीडीएस कापत असाल तर ७ तारीख. कामगारांचा पीएफ, ईएसआय असेल तर १५. कधी मुदतवाढ येते, कधी नियम बदलतो, ते तुमचे सीए सांगतील. पण तारखा अचानक उगवत नाहीत. तरी दर महिन्याला १९ तारखेच्या रात्री घरात बिलं शोधायचा गोंधळ असतो की नाही?

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच चालतो. दर सोमवारी अर्धा तास फक्त कागदांचा. आठवड्याची खरेदीची बिलं एका फाइलला, विक्रीची दुसऱ्या. महिन्याच्या ५ तारखेला फाइल सीएंकडे. बस्स. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं वर्षभराच्या तारखा आजच मांडून टाका.

उधारीचंही तसंच. वसुलीचा फोन करणं कुणालाच आवडत नाही, म्हणून आपण तो रोज पुढे ढकलतो आणि रोज त्याचं ओझं वाहतो. वसुलीचा वार ठरवा. बुधवार, सकाळी ११ ते १२, सगळे फोन एका बैठकीत. समोरच्यालाही कळतं की बुधवारी यांचा फोन येतोच. आणि तुम्ही उत्पादन किंवा सेवा देणारे असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. बिलावर उद्यम नंबर आणि ही मुदत छापा. रोज मनात चिडण्यापेक्षा बिलावर छापलेली एक ओळ जास्त काम करते.

"मी केल्याशिवाय होत नाही"

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि पाचशे वेळा स्वतः म्हटलंय. पोरगा पॅकिंग नीट करत नाही. बायकोला रेट माहीत नाहीत. भाऊ गल्ल्यावर बसला की घोळ होतो. मग मी विचारतो, त्यांना कसं करायचं ते लिहून दिलंय का? शांतता.

अतुल गवांदे हे अमेरिकेतले नावाजलेले सर्जन, वडील मूळचे विदर्भातल्या खेड्यातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची एक यादी बनवली. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांमध्ये ती वापरून बघितली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. यादीत काय होतं? पेशंटचं नाव बरोबर आहे ना, कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे, अ‍ॅलर्जी आहे का. अनुभवी सर्जनलाही कागद लागतो. आणि आपल्या दुकानातल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं मात्र सगळं बघून बघून शिकावं अशी आपली अपेक्षा!

सकाळी दुकान उघडताना काय काय, बंद करताना काय काय, पार्सल देताना काय काय. प्रत्येकी सात-आठ ओळी, मराठीत, मोठ्या अक्षरात, भिंतीवर. आणि त्याच्या जोडीला एक छोटा अधिकार द्या. दोनशे रुपयांपर्यंतचा निर्णय तू घे, मला फोन करू नकोस. सुट्टे आणणं, फाटकी पिशवी बदलून देणं, तक्रारवाल्याला एक नग जास्त देणं. महिन्यात त्यात शंभर-दोनशे चुकतील. पण दिवसाला येणारे पंधरा फोन थांबतील. मला तर हा सौदा स्वस्त वाटतो.

वेळ नाही, की दर चुकलाय?

आता जरा टोचणारं बोलतो. कधी कधी माणूस ताणाबद्दल विचारतो, आणि दुखणं दराचं असतं.

डब्याचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई माझ्या वर्गात होत्या. पहाटे पाचला उठून ४० डबे. संध्याकाळी भाजीबाजार, रात्री उद्याची तयारी. दिवसाचे बारा तास. म्हणाल्या, "सर, टाइम मॅनेजमेंट शिकवा." आम्ही आधी हिशोब मांडला. डबा ८० रुपये. सामान, गॅस, पॅकिंग ५२. पोचवायचे १०. हातात १८. चाळीस डब्यांचे ७२०. बारा तासांनी भागा. तासाला ६० रुपये. त्या वहीकडे बघत राहिल्या. स्वतःची मजुरी त्यांनी कधी धरलीच नव्हती.

दर ९० केला. सहा डबे सुटले. उरले ३४, प्रत्येकी २८, म्हणजे दिवसाला ९५२. डबे कमी, पैसे जास्त. त्यातले दीडशे देऊन सकाळी दोन तास पोळ्या लाटायला एक मावशी ठेवल्या. तरी आधीपेक्षा ८२ रुपये जास्त उरले आणि पहाटेचा जीव घेणारा भाग हलका झाला. दर वाढवल्यावर सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही, तुमचा आकडा तुम्ही मांडा. पण ज्या दरात मालकाची मजुरी नाही, त्या दरात मालकाची झोपही नसते.

आणि घरातून व्यवसाय करणाऱ्या ताईंसाठी आणखी एक. त्यांच्या यादीचं निम्मं पान घरच्या कामांचं असतं, आणि व्यवसाय "फावल्या वेळातला" समजला जातो. त्या ताईंच्या घरी संध्याकाळचा भाजीबाजार त्यांच्या यजमानांनी घेतला. त्याला कुणी "मदत" म्हणू नका. घरात येणारा पैसा घराचा असेल तर बाजाराची पिशवीही घराचीच.

सुट्टी कुणी दिली?

रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. आठवड्यातून रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा. गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० ला. सहा वर्षं गेली त्यात.

आज महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यात सलग २४ तास सुट्टी द्यावीच लागते. कामगाराला कायदा सुट्टी देतो. मालकाला कुणीच देत नाही. ती त्यानं स्वतःच स्वतःला द्यायची असते, आणि तिथेच आपण सगळ्यात कंजूष असतो.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "सर, सुरुवातीला तर मरावंच लागतं ना? दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑर्डरी सोडायच्या का?" नाही सोडायच्या. सीझनला मीही रात्र रात्र जागलोय. लग्नसराईत पहाटे तीनपर्यंत मशीन चालवलंय आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण सीझनला सुरुवात असते आणि शेवट असतो. शेतकरीसुद्धा सुगीत रात्रीचा दिवस करतो, पण बाराही महिने सुगी नसते. तुमचा सीझन गेल्या दोन वर्षांपासून संपलाच नसेल, तर तो सीझन नाही. ती सवय आहे.

कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना पूर्ण दिवस बंद ठेवणं जमत नसेल, तर अर्ध्या दिवसापासून सुरुवात करा. तुमच्या विक्रीच्या वहीत बघा, कुठल्या वारी दुपारनंतर गल्ला सगळ्यात कमी असतो. तो अर्धा दिवस तुमचा. पाटी लावा, सगळ्यांना सांगा, आणि पाळा.

हे दिसलं तर थांबा

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घकाळचा ताण, असं म्हटलं. लक्षणं तीन सांगितली. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि कामाची धार जाणं.

दुकानाच्या भाषेत सांगू? गिऱ्हाइकाचा फोन वाजला की तोंडातून आधी शिवी येते. ज्या कामासाठी नोकरी सोडली तेच काम नकोसं वाटतं. दोन वेळा मोजूनही गल्ला चुकतो. हे महिना-दोन महिने चाललं असेल तर माझी वही तुम्हाला पुरणार नाही. झोप पूर्ण उडालीय, छातीत दुखतंय, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर डॉक्टरकडे जा, आजच जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट चालते, मराठीतही बोलता येतं. गाडीचं इंजिन तापलं की आपण बाजूला घेतो, बॉनेट उघडतो. स्वतःसाठी तेवढं करायला लाज कसली?

आज रात्रीचा गृहपाठ

सगळं एकदम सुरू करू नका. नाहीतर ताण कमी करायचाच ताण घ्याल. आज फक्त एक करा. शटर पाडायच्या आधी दहा मिनिटं बसा, डोक्यातलं सगळं कागदावर काढा, प्रत्येकापुढे वार आणि नाव लिहा, उद्याची तीन कामं वेगळी करा. मग वही गल्ल्यात ठेवा आणि गल्ल्याला कुलूप लावा. वही घरी न्यायची नाही. आठ दिवस हे करून बघा, मग पुढची पायरी घ्या.

आणि मला प्रश्न विचारायचा असेल तर जरूर विचारा. मीही आता रात्री आठनंतर उत्तर देत नाही. सकाळी अकराच्या आत देतो, नक्की देतो. तोपर्यंत झोपा.